ताई, गोब्लिनच का परभणीचे?

पत्र बरंच लांब होतं, कामापुरतं ठेवलंय.

"ताई, मी २६ वर्षांची, गाव परभणी, पुण्यात आयटीत टेस्टिंगला आहे. इथे आले तेव्हा कोण्णी ओळखीचं नव्हतं, पीजी ते ऑफिस आणि ऑफिस ते पीजी. मग टीममधल्या एकाने विचारलं, आमच्यात एक जण कमी पडतोय, डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, खेळशील का. काय असतं ते माहीत नव्हतं तरी हो म्हणाले. आता सात महिने झाले, एक शनिवार सोडून एक शनिवार, बाणेरला एकाच्या फ्लॅटवर, चार तास. आम्ही पाच जण, त्यातले चार एकाच कॉलेजचे, हॉस्टेलपासूनचे. मला क्लेरिक, म्हणजे पुजारीण, दिली कारण त्यांना जखमा बऱ्या करणारा हीलर हवा होता. नियम मी सगळे वाचलेत, त्यांच्यापेक्षा जास्त. मागे आमच्या विझर्डचे, म्हणजे जादूगाराचे, दोन डेथ सेव्ह फेल झाले होते, तिसरा गेला की मेलाच, मी हीलिंग वर्ड हा मंत्र टाकून वाचवलं तर तो खुर्चीवर उभा राहून नाचला. त्या दिवशी रिक्षात बसून मी एकटीच हसत होते. पण पुढच्याच शनिवारी इन्स्टावर बघते तर सगळे राजमाचीला. मला विचारलं पण नाही. त्यांचा वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप आहे हे तेव्हा कळलं. टेबलावर सगळं इंग्लिशमध्ये चालतं, मला येतं, पण जोक सुचेपर्यंत टर्न गेलेला असतो. आणि अजून एक. आमचा डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, देखणे एल्फ आले की एकदम फर्स्टक्लास इंग्लिशमध्ये बोलतो आणि गोब्लिन, म्हणजे मारायचे चिल्लर राक्षस, आले की 'काय करायलास बे' चालू. सगळे हसतात, मीपण हसते. माझे आजोबा असंच बोलतात, घरी मीपण, ह्यांना ते माहीत नाही. आई म्हणते फासे खेळून कोणाचं भलं झालंय, सोड. सोडू का? हे माझे मित्र आहेत का नुसते खेळणारे?
— कायम हीलर"

अगं हीलर, सोडू नकोस. निदान अजून तरी नको, आधी दोन-तीन गोष्टी करून बघ आणि त्यावर ते कसे वागतात ते बघून मग ठरव.

ज्यांना हा खेळच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी, नाहीतर आई-वर्ग खाली येऊन विचारेल की हे काय नवीन. नवीन नाही, १९७४ सालचं आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावचा गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटाचा डेव्ह आर्नसन, दोघं छोट्या बाहुल्यांच्या सैन्याने लढाया खेळणारे, त्यांनी अख्खं सैन्य हलवण्याऐवजी प्रत्येकाने एकच माणूस व्हायचं असा खेळ काढला. एक जण डीएम, तो जग उभं करतो, गावकरी राक्षस राजे सगळे तोच बोलतो, बाकीचे आपापलं एकेक पात्र, आणि जमेल की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही, महिनोन् महिने गोष्ट चालू राहते. आपल्याकडच्या तमाशातली बतावणी आठव, ठरलेलं थोडं आणि सुचलेलं फार, तसंच काहीसं, फक्त मध्ये फासे.

तर तुझा हिशोब मांडू. सात महिने, दर पंधरा दिवसांनी चार तास, म्हणजे साधारण साठ तास झाले. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल नावाच्या प्राध्यापकांचा २०१८ चा अभ्यास आहे, त्यात असं दिसलं की ओळखीच्या माणसाचा जुजबी मित्र व्हायला पन्नासेक तास लागतात, नुसता मित्र म्हणायला नव्वदच्या आसपास, आणि जवळचा मित्र म्हणायला दोनशेच्या वर. ऑफिसात शेजारी बसलेले तास त्यात फारसे कामाला येत नाहीत, रिकामटेकड्या गप्पा, एकमेकांची खेचणं, काल काय झालं ते सांगणं, हे मोजलं जातं. आता तुझे साठ तास बघ. त्यातले निम्मे "टर्न कोणाचा", "हा स्पेल किती फुटांवरून चालतो" आणि पिझ्झा कुठून मागवायचा ह्यात गेले असणार. आणि त्या चौघांनी हॉस्टेलवर एका मेसचं जेवण वर्षानुवर्षं खाल्लंय. तू मागे नाहीयेस गं, वेळेवरच आहेस, फक्त त्यांच्या घड्याळाकडे बघत बसलीयस.

पण पत्रात मला सगळ्यात जास्त लागलं ते गोब्लिनचं, आणि तू ते "अजून एक" म्हणून शेवटी टाकलंयस. राजमाची पहिलं आणि आजोबा नंतर. मी असते तर उलट लिहिलं असतं.

हा आवाज तुझ्या डीएमला कुठून मिळाला ते आपल्याला माहितीये. आपल्या नाटकांत, सिरियलीत वर्षानुवर्षं हेच चाललंय, साहेब शुद्ध बोलणार आणि माळी, हवालदार, गडी आला की गावाकडची बोली, आणि ती बोली आली की हसायचं हे आपल्याला न सांगता शिकवलं गेलंय. गंमत म्हणजे बतावणीत सोंगाड्या ह्याच बोलीत बोलतो आणि भल्याभल्यांची बोलती बंद करतो, तिथे गावठी बोलणाराच सगळ्यात हुशार असतो. तुझ्या टेबलावर मात्र ती बोली आली की समजायचं, आता ह्याला मारायचंय. म्हणजे नुसती बोलीची थट्टा नाही, कोणाला मारलं तर चालतं हे त्या आवाजावरून ठरतंय. तुला हसताना पोटात कालवतं ते उगाच नाही, आणि तू "फार मनाला लावून घेतेस" असं कोणी म्हणालं तर माझ्याकडे पाठवून दे.

खुद्द खेळ काढणाऱ्या कंपनीलाही इथे मागे यावं लागलंय बरं का. ऑर्क आणि ड्राउ ह्या खेळातल्या लोकांना जमातच्या जमात दुष्ट म्हणून रंगवत आलो, त्यात खऱ्या माणसांना ज्या शब्दांत हिणवलं गेलं त्याचेच पडसाद होते, हे त्यांनी २०२० मध्ये जाहीर कबूल केलं. आणि २०२४ च्या नव्या पुस्तकात 'रेस' हा शब्दच काढून 'स्पीशीज' केला. तेव्हा तू काही जगावेगळं मागत नाहीयेस.

कसं सांगायचं? टेबलावर नको. खरं तर ह्यासाठी एक्स-कार्ड नावाची सोय आहे, जॉन स्टॅव्हरोपोलस ह्यांनी काढलेली, टेबलाच्या मधोमध एक्स लिहिलेलं कार्ड ठेवायचं, कोणाला काही सहन होईना तर कार्डाला हात लावायचा, तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. चांगली गोष्ट आहे, तुमच्या टेबलावर असायलाच हवी. पण पाचातले चार हसत असताना पाचवीने कार्डाला हात लावायचा म्हणजे चार तोंडं तुझ्याकडे वळणार, आणि तुझा स्वभाव बघता तू "काही नाही, काही नाही" म्हणून मोकळी होशील. म्हणून शनिवारच्या आधी डीएमला एकट्याला गाठ, चहावर किंवा फोनवर, आणि मराठीत सांग. एवढंच: "तू गोब्लिनचा जो आवाज काढतोस ना, आमच्या घरी सगळे तसंच बोलतात. मीपण. मला ते ऐकवत नाही." आणि मग गप्प बस. पुढे "पण ठीके रे, गंमतच आहे" हे शेपूट लावायचं नाही, तू लावशील, मला माहितीये, म्हणून आधीच सांगतेय.

माझा अंदाज असा की पोरगं खजील होईल. त्याच्या डोक्यात टेबलावरचे सगळे त्याच्यासारखेच आहेत, कारण सात महिन्यांत तू परभणीचं काही टेबलावर येऊच दिलं नाहीस. ही त्याची बाजू घेत नाहीये, पण त्याला जे दाखवलंच नाही ते तो बघणार तरी कसं?

आणि त्याने नीट ऐकून घेतलं, तर मग पुढची गंमत. तुझ्या क्लेरिकचं बॅकग्राउंड, म्हणजे आधीचं आयुष्य, ॲकोलाइट (देवळात सेवा करणारी) असेल तर २०१४ च्या नियमांच्या पुस्तकाप्रमाणे तुला दोन जास्तीच्या भाषा आवडीने घेता येतात, पात्राची माहिती लिहिलेल्या शीटवर बघ, नवीन लोकांची ती जागा बहुतेक रिकामीच असते. नियमांत गोब्लिन ही रीतसर भाषा आहे. डीएमला विचारून ती घे. आणि पुढच्या वेळी गोब्लिनांची टोळी आली आणि सगळ्यांनी तलवारी काढल्या की तुझी क्लेरिक पुढे होऊन तिच्या पद्धतीने बोलू दे, "काय करायलाव रे इथं, लेकरं उपाशी हायेत का?" अख्खी परभणी, एक अक्षर न बदलता. डीएम बरा असेल तर त्याला कळेल काय झालं ते, आणि लढाईच्या जागी बोलणी सुरू होतील. पण क्रम चुकवू नकोस, आधी चहा मग हे. उलटं केलंस तर तेही विनोदात जमा होईल.

आता हीलर. नव्या मेंबरला हीलर करायचं ही बहुतेक टेबलांवरची वाईट खोड आहे, कारण बाकीच्यांना मारामारी हवी असते आणि कोणीतरी मलमपट्टी करायला लागतं. त्यांना हे माहीत नसतं की क्लेरिक हा खेळातल्या सगळ्यात दणकट क्लासपैकी, म्हणजे पात्रांच्या प्रकारांपैकी, एक आहे (ह्यावर भांडायचं असेल तर या, मी तयार आहे). माझं म्हणणं वेगळं आहे. कोणीतरी पडेल आणि मग माझं काम, असं बसून खेळायचं हे तू टेबलाबाहेरही करतेयस. कोणीतरी बोलावेल मग जाईन, कोणीतरी विचारेल मग सांगेन. सात महिन्यांत तुझ्या क्लेरिकला काय हवंय हे त्यांच्यापैकी कोणाला सांगता येईल का? तुला तरी सांगता येईल का?

साधा बदल कर. हीलिंग वर्ड बोनस ॲक्शन आहे, साठ फुटांवरून चालतो, म्हणजे कोणाला उठवायला पूर्ण टर्न घालवायची गरज नाही, तुझी ॲक्शन शिल्लक राहते (फक्त त्या टर्नला दुसरा मोठा स्पेल नको, कॅन्ट्रिप म्हणजे कितीही वेळा टाकता येणारा छोटा स्पेल नाहीतर गदा चालव). आणि कोणी पडलेलं नसेल तेव्हा गायडिंग बोल्ट टाक. हा माझा फार आवडता स्पेल आहे, नेम लागला की शत्रूला चार फासे डॅमेज तर होतंच, पण त्याच्या अंगावर जो उजेड राहतो त्यामुळे त्याच्यावरच्या पुढच्या वाराला ॲडव्हान्टेज मिळतो, म्हणजे वीसचा फासा दोनदा टाकायचा आणि चांगला तो घ्यायचा. तो दुसरा फासा तू दिलेला असतो. "हा घे, तुझ्यासाठी उजळवून ठेवलाय" असं नाव घेऊन सांग. ज्याचं नाव घेतलंस तो वळून बघतोच, फासा एक पडला तरी.

आणि लाँग रेस्ट. बहुतेक टेबलं "आठ तास झोपलो, पुढे" म्हणून उडवून लावतात. तू म्हण, पहिल्या पहाऱ्याला मी आणि विझर्ड. शेकोटीशी बसल्यावर विझर्डला एक प्रश्न विचार, त्या दिवशी मेला असतास तर घरी कोणाला कळवायचं होतं? हे तू पात्राला विचारतेयस, उत्तर अर्धं पात्राचं येतं आणि अर्धं खेळणाऱ्याचं, आणि ते अर्धं ओळखू येतं. ह्या खेळातली मैत्री मी तरी लढाईत झालेली कमी बघितलीये, ह्या पहाऱ्यावरच्या गप्पांत जास्त.

विझर्डच का? अगं खुर्चीवर उभं राहून नाचला ना तो. चौघांशी एकदम मैत्री करायला जाऊ नकोस, जमत नाही, ती भिंतच असते. एकाशी कर. त्याला वेगळा मेसेज टाक, खेळाचाच टाक, "तुझा पुढचा स्पेल कुठला घेतोयस" इतकं पुरे. अर्धा तास आधी पोच, उशिरापर्यंत थांबणार असशील तर परतीचं आधी ठरवून ठेव, कारण खरं मजेशीर असतं ते सेशन संपल्यावर बॅगा उचलून दारात उभं राहून चालतं आणि तू तेव्हा रिक्षा बुक करत असतेस, बरोबर?

राजमाचीबद्दल. वाईट वाटणं साहजिक आहे, मलाही वाटलं असतं. पण हॉस्टेलचा जुना ग्रुप असतो, त्यात तीन वर्षांपूर्वीचे मीम आणि कोणाच्यातरी एक्सचे किस्से असतात, ट्रेक तिथे ठरला, कोणाच्या डोक्यातच आलं नाही. त्या ग्रुपमध्ये घ्या म्हणू नकोस, तिथे तुला अर्धे जोक कळणार नाहीत आणि अजून परकं वाटेल. खेळाच्या ग्रुपवर लिही, "राजमाचीचे फोटो भारी, पुढच्या वेळी मला पण सांगा, मी येणार." येऊ का नाही, येणार. टोमणा नाही, रडगाणं नाही, स्मायली हवी तर टाक. ह्याला उत्तर काय येतं त्यावरून तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं कळेल, माझ्यापेक्षा जास्त.

इंग्लिश. २०१४ च्या प्लेयर्स हँडबुकमध्येच लिहिलंय की पात्राच्या तोंडून आवाज काढून बोला किंवा "ती त्याला खडसावते आणि दार आपटून निघून जाते" असं नुसतं वर्णन करून सांगा, दोन्ही चालतं. तू वर्णन मराठीत कर. पाचही जण मराठी ना? मग इनिशिएटिव्ह, सेव्ह, आर्मर क्लास इंग्लिशमध्ये राहू दे, त्याला मराठी शोधत बसायची काही गरज नाही, आणि बाकीचं तुझ्या तोंडी येईल तसं येऊ दे. पहिल्यांदा थोडं अवघडेल. मग दुसरा कोणीतरी मराठीत उत्तर देईल, बहुतेक तोच, विझर्ड.

आईला घरी जाशील तेव्हा फाशांचा सेट घेऊन जा, सात फासे असतात, चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंत, हातात दे. पैसे लागत नाहीत, राज्य पणाला लागत नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या आयांना वाटायचं पोरं सैतानाची पूजा करतायत, त्या मानाने तुझी आई फारच समजूतदार. आणि फ्लॅटचा पत्ता, कोण कोण असतं, किती वाजता परत येतेस, हे सांगून टाक, तिची खरी काळजी फाशांची नाहीचे.

आता समजा डीएमने ऐकून हसण्यावारी नेलं, शनिवारी मुद्दाम तोच आवाज काढला, राजमाचीच्या मेसेजला कोणी अंगठा पण दिला नाही. मग सोड, आणि बिनधास्त सोड. वाईट टेबलावर खेळण्यापेक्षा न खेळलेलं बरं. पुण्यात खेळणारे भरपूर आहेत, बोर्ड गेम खेळायला जमणाऱ्यांत विचार, ऑनलाइन तर रोल२० सारख्या साइटवर २०१२ पासून लोक घरबसल्या खेळतायत, नियम येणारी क्लेरिक कोणालाही हवीच असते. नव्या ठिकाणी मात्र पहिल्यांदा सेशन झिरो माग, म्हणजे खेळायच्या आधीची बैठक, काय चालेल, काय नाही, कुठल्या भाषेत बोलायचं, कोणाला काय व्हायचंय. तुला ती मिळालीच नव्हती, तू मधेच आलीस आणि रिकाम्या खुर्चीवर बसवली गेलीस.

पण मला नाही वाटत तिथपर्यंत जाईल. उलट मी म्हणते डीएम एखाद्या शनिवारी नाही म्हणेल ना (म्हणेलच, ह्या खेळातला सगळ्यात मोठा राक्षस म्हणजे सगळ्यांचा एक मोकळा शनिवार), तेव्हा "कॅन्सल" लिहायच्या आधी तू लिही, मी चालवते. ग्रँट हॉविट ह्यांचा हनी हाइस्ट नावाचा एका पानाचा खेळ आहे. सगळे अस्वलं असतात, मधाचं मोठं प्रदर्शन भरलंय आणि तिथला मध चोरायचाय. प्रत्येकाकडे दोनच आकडे, अस्वल तीन आणि गुन्हेगार तीन, ल्यूडोचा फासा पुरतो. बेत फसला की एक पॉइंट अस्वलाकडे सरकतो, बेत जमला की गुन्हेगाराकडे, अस्वल सहावर गेलं की ते पिसाळतं आणि संपला त्याचा खेळ. दहा मिनिटांत शिकवून होतं, एका संध्याकाळीत संपतं. पूर्ण मराठीत चालव, प्रदर्शन परभणीच्या मैदानावर भरव, वॉचमन, तहसीलदार, मधवाला सगळ्यांचे आवाज तू काढ, आणि ह्यावेळी शहाणे कोण आणि येडे कोण ते तू ठरव. त्यात अस्वलांना टोप्या द्यायचा एक तक्ता आहे, बाउलर, काउबॉय वगैरे साहेबी टोप्या, तेवढा बदलून टाक, गांधी टोपी, फेटा, मुंडासं, पोलिसाची टोपी आणि एकाला तरी माकडटोपी आलीच पाहिजे.